दशांश ओहमचा हिशेब

पन्नास ओहमचा एक दणकट रोधक घ्यावा, ट्रान्समीटरच्या मागच्या सॉकेटला जोडावा आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे स्थिरतरंग गुणोत्तर, मोजावा. मीटर एकास एक दाखवतो. सात मेगाहर्ट्झवर, चौदावर, अठ्ठावीसवर, कुठेही मोजले तरी उत्तर तेच. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, याला डमी लोड म्हणतात आणि चाचणीपुरताच वापरतात, कारण त्यातून बाहेर काही जात नाही. शंभर वॅट आत घातले की शंभर वॅटची उष्णता होते. हे प्रत्येक हॅमला ठाऊक असते. तरीही बाल्कनीएवढ्या जागेत बसणारी अँटेना तयार झाली की तिची पहिली परीक्षा याच मीटरवर होते, आणि बहुतेक वेळा शेवटचीही. काटा खाली आला की काम फत्ते झाले असे धरून चालतात, आणि मग लांबचे स्टेशन स्वच्छ ऐकू येते पण आपल्या हाकेला उत्तर का मिळत नाही हे कोडे पडते. एसडब्ल्यूआर एवढेच सांगतो की ट्रान्समीटरने दिलेली शक्ती परत आली नाही. ती आकाशात गेली की तांब्याच्या नळीत आणि सांध्यांत जिरली, याबद्दल तो मौन पाळतो. मोठ्या अँटेनाच्या बाबतीत हे मौन चालून जाते. लहान अँटेनात मात्र सगळा प्रश्न तिथेच असतो. तिची जोडणी कशी करायची, ती सुरात कशी आणायची आणि तिच्यापासून माणसांना किती दूर ठेवायचे, या तिन्ही गोष्टी एका वेगळ्याच आकड्यावरून ठरतात, आणि तो आकडा एका ओहमच्या दहाव्या भागाएवढा असतो.

आधी अडचण किती मोठी आहे ते पाहू. १४.२ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २१ मीटर. साधी अर्धतरंग डायपोल बांधायची तर सरळ रेषेत दहा मीटर तार हवी, आणि ७.१ मेगाहर्ट्झसाठी वीस मीटर. वाडा असेल, शेत असेल, गच्चीवर हक्क असेल तर हा विषयच निघत नाही. ठाणे, मुंबई किंवा पुण्यातल्या सातव्या मजल्यावरच्या सदनिकेत मात्र उपलब्ध लांबी म्हणजे बाल्कनीचा कठडा. भारतात हौशी प्रसारणासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन शाखेचा परवाना लागतो. परीक्षा देऊन तो मिळवता येतो, जागा मात्र परवान्यासोबत येत नाही. अशा वेळी आखूड दांडीला कॉइल लावणे, डायपोलची टोके दुमडणे, असे बरेच मार्ग आहेत. इथे त्यांतला एकच घेऊ, कारण त्याचे गणित सर्वांत स्वच्छ आहे. तो म्हणजे लहान लूप, हॅम भाषेत मॅग्नेटिक लूप. एक मीटर व्यासाचे, २२ मिलिमीटर जाड तांब्याच्या नळीचे कडे, एका ठिकाणी कापलेले. कापलेल्या दोन टोकांमध्ये बदलता कपॅसिटर. कपॅसिटरच्या बरोबर समोरच्या बाजूला, मोठ्या कड्याच्या एक पंचमांश व्यासाचे छोटे कडे, ज्याला ट्रान्समीटरकडून येणारी कोअॅक्स केबल जोडलेली. एवढाच सगळा पसारा.

अँटेनातून ऊर्जा बाहेर जाते तेव्हा ट्रान्समीटरच्या दृष्टीने ती एखाद्या रोधात खर्च झाल्यासारखीच असते. या कल्पित रोधाला प्रारण-रोध म्हणतात. डायपोलचा प्रारण-रोध मोकळ्या जागेत ७३ ओहमच्या आसपास असतो. लहान लूपचा काढायचा तर लूपचे क्षेत्रफळ तरंगलांबीच्या वर्गाने भागायचे, आलेल्या उत्तराचा वर्ग करायचा आणि त्याला सुमारे ३१,२०० ने गुणायचे. आपल्या लूपचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. १४.२ मेगाहर्ट्झवर उत्तर येते ०.०९७ ओहम. डायपोलच्या साडेसातशेव्या भागाएवढे! याच्या शेजारी आता तांब्याचा स्वतःचा रोध मांडायला हवा. या वारंवारतेला प्रवाह नळीच्या पृष्ठभागावरच्या जेमतेम १७-१८ मायक्रॉन जाडीच्या थरातून वाहतो, त्यामुळे नळी पोकळ असली काय किंवा भरीव काय, फरक पडत नाही. महत्त्व असते ते परिघाला. तीन मीटर लांबीच्या या नळीचा रोध ०.०४५ ओहम भरतो. म्हणजे आत आलेल्या शक्तीचे ०.०९७ आणि ०.०४५ या प्रमाणात वाटप होते, आणि सुमारे ६८ टक्के बाहेर पडते. एक मीटरच्या कड्यासाठी हे कौतुकास्पदच म्हणावे लागेल. फक्त यात अजून कपॅसिटरचा आणि सांध्यांचा हिशेब धरलेला नाही.

तो धरला की चित्र पालटते. सांधे नीट न जमल्यामुळे ०.०५ ओहमचा जादा रोध आला असे समजा. घरातल्या वायरिंगमध्ये एवढ्या रोधाची कोणी दखलही घेणार नाही, साध्या मल्टिमीटरवर तो दिसणारही नाही. इथे त्यामुळे कार्यक्षमता ६८ वरून ५० टक्क्यांवर येते. आता याच लूपने ७.१ मेगाहर्ट्झवर काम करायचे म्हटले तर? वारंवारता निम्मी झाली की प्रारण-रोध निम्मा होत नाही, सोळावा भाग होतो: ०.००६ ओहम. तांब्याचा रोध थोडाच कमी होऊन ०.०३२ राहतो. आदर्श स्थितीत १६ टक्के बाहेर जातात. त्यात तोच ०.०५ ओहमचा सांधा घातला की सात टक्केही उरत नाहीत. आणि या प्रत्येक स्थितीत, छोट्या कड्याचा आकार थोडा दाबून-ताणून, एसडब्ल्यूआर एकास एक आणता येतो.

याचा इतिहासात एक चांगला दाखला आहे. १९६७ साली केनेथ पॅटरसन यांनी 'इलेक्ट्रॉनिक्स' या नियतकालिकात अमेरिकी सैन्यासाठी बनवलेल्या एका अष्टकोनी लूपची माहिती दिली. सुटे भाग करून जंगलात नेता येणारी, जमिनीलगत उभी करून चालणारी ही अँटेना पाहून हौशी मंडळींचे कान टवकारले गेले. पुढच्याच वर्षी लुईस मकॉय यांनी 'क्यूएसटी' मासिकात तिच्या हौशी आवृत्तीचा अनुभव लिहिला, आणि तो डायपोलच्या तुलनेत निराशाजनक होता. त्यानंतर बराच काळ लहान लूप म्हणजे कागदावरची गंमत असा समज राहिला. माझ्या मते लूपच्या तत्त्वात खोट नव्हती. त्या आकाराच्या लूपचाही त्या वारंवारतांना प्रारण-रोध ओहमच्या अंशातच होता, आणि सुट्या भागांचे सांधे, पट्ट्या, कपॅसिटर यांचा मिळून रोध त्याच्या बरोबरीचा किंवा जास्त झाला की उत्तर आधीच ठरलेले असते. दोन माणसे एकाच आराखड्यावरून दोन लूप बनवतात, एकाचा चालतो, दुसऱ्याचा चालत नाही, आणि दोघांचे एसडब्ल्यूआर सारखे असतात. हे आजही घडते ते याच कारणाने.

म्हणून जोडणीचा नियम असा की मुख्य कड्याच्या वाटेत नट-बोल्ट नको, क्लॅम्प नको, पिना नकोत. एसीच्या कामासाठी मिळणारी सलग तांब्याची नळी वाकवून पूर्ण गोल केला तर सांधे दोनच उरतात: कपॅसिटरच्या अल्याड आणि पल्याड. सरळ नळ्या आणि एल्बो वापरून अष्टकोन केला तर सोळा सांधे येतात, आणि ते सगळे ब्रेझिंगने किंवा निदान भरपूर सोल्डर आत ओढून घेऊन पक्के करावे लागतात. वाकवणे जमत नसेल तर अष्टकोनाला हरकत नाही, पण घाईत केलेला एक कोरडा सांधा पुरे होतो. नळीऐवजी ॲल्युमिनियम घेतले तर धातूचा रोध साधारण पावपट वाढतो. तेवढे सहन होईल, खरी अडचण ही की त्याला सहज सोल्डर लागत नाही, बोल्ट आलेच, आणि तांब्याशी जोडले की दमट हवेत सांधा खायला लागतो. जी.आय. पाइप मात्र अजिबात नको. लोखंडाच्या चुंबकीय गुणामुळे प्रवाह आणखी पातळ थरात कोंडला जातो, आणि जस्ताचा मुलामा पातळ किंवा खराब असला की सगळा खेळ तिथेच संपतो. कपॅसिटरच्या बाबतीत जुन्या रेडिओतला गँग बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो. त्यात रोटरला प्रवाह पोचवणारी घसरती पत्ती असते, आणि घसरता स्पर्श म्हणजे नेमका आपल्याला नको असलेला दशांश ओहम. यावर जुनीच युक्ती आहे. दोन विभागांचा गँग घ्यायचा, लूपची दोन टोके दोन स्टेटरना जोडायची आणि रोटरला काहीच जोडायचे नाही. दोन्ही विभाग एकसरीत येतात, प्रवाह दांड्यातून जातो आणि पत्ती वाटेतून बाजूला होते. धारिता निम्मी होते, पण दोन फटी मिळून व्होल्टेज पेलतात. बटरफ्लाय कपॅसिटर याच तत्त्वावर बनतो, आणि खिसा परवानगी देत असेल तर निर्वात कपॅसिटरला तोड नाही.

व्होल्टेजचा उल्लेख ओघात आला, पण तो ओघात सोडून देण्यासारखा नाही. एकूण रोध ०.१४ ओहम असलेल्या कड्यात १०० वॅट घातले तर प्रवाह सुमारे २७ अँपिअर वाहतो. कड्याचे प्रेरण २.४ मायक्रोहेन्रीच्या आसपास, म्हणजे १४.२ मेगाहर्ट्झवर त्याचा प्रतिबाध २१८ ओहम. दोन्हींचा गुणाकार करा: कपॅसिटरवर ५,८०० व्होल्ट, आणि शिखरमूल्य आठ हजारांच्या वर. हवा मिलिमीटरमागे साधारण तीन हजार व्होल्टपर्यंत दम धरते, तीही कोरडी, स्वच्छ आणि पत्र्यांच्या कडा गुळगुळीत असतील तर. रेडिओतल्या गँगच्या पत्र्यांमधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांचीच असते. १० वॅटला शिखरमूल्य अडीच हजारांवर येते. दोन विभाग एकसरीत असतील तर तो पाच-दहा वॅटपर्यंत कसाबसा तग धरेल, शंभर वॅटला पहिल्याच शब्दाला ठिणग्या उडतील. नवशिक्यांना 'इतक्या कमी शक्तीवर एवढे व्होल्टेज कुठून' हे पटत नाही. ते कुठूनही आलेले नाही. ऊर्जा बाहेर पडायला वाट अरुंद आहे म्हणून ती कड्यात आणि कपॅसिटरमध्ये येरझाऱ्या घालत साठत जाते, एवढेच. प्रारण-रोध लहान असण्याचा हा दुसरा परिणाम.

तिसरा परिणाम सुरावटीत दिसतो. प्रतिबाध २१८ आणि एकूण रोध ०.१४ यांचे गुणोत्तर, म्हणजे क्यू, पंधराशेच्या घरात जाते. इतका क्यू म्हणजे अँटेना एका अत्यंत अरुंद पट्ट्यातच ऐकते आणि बोलते. आपल्या लूपसाठी दोनच्या आतला एसडब्ल्यूआर फक्त साडेसहा किलोहर्ट्झ रुंदीत मिळतो. बोलण्यासाठीच अडीच-तीन किलोहर्ट्झ लागतात, म्हणजे डायल जरा सरकवली की पुन्हा जुळवणी आली. १४.२ मेगाहर्ट्झला कपॅसिटर ५१ पिकोफॅरडच्या आसपास असतो, आणि एक किलोहर्ट्झ सरकण्यासाठी त्यात ०.००७ पिकोफॅरडचा बदल पुरतो. अर्ध्या फेऱ्यात दोनशे पिकोफॅरड बदलणारा गँग असेल तर हा बदल अंशाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी फिरवण्याएवढा. हाताने नॉब फिरवून हे जमणार नाही, शिवाय हात जवळ नेला तरी सूर बिघडतो आणि हात जवळ असतो तिथेच हजारो व्होल्ट असतात. म्हणून वेग खूप कमी करणारा गिअर असलेली डीसी मोटर किंवा स्टेपर मोटर, मध्ये विद्युतरोधक दांडा, आणि मोटरच्या तारांवर फेराइटचे मणी, ही चैन नसून गरज आहे. उन्हाचाही हिशेब ठेवायला हवा. तांबे अंशाला दशलक्षात सतरा भाग प्रसरण पावते. सकाळ ते दुपार वीस अंशांनी तापमान चढले तर, लूप आणि कपॅसिटर सारख्याच प्रमाणात वाढले असे धरून, सूर चार ते पाच किलोहर्ट्झ खाली घसरतो. सकाळी जुळवलेली अँटेना दुपारी जुळलेली नसते.

इथेच लहान अँटेनाने आपल्याला एक देणगी दिली आहे, आणि ती फारच कमी जण वापरतात. बँडविड्थ अरुंद असणे ही गैरसोय आहे खरी, पण ती एक मोजपट्टीही आहे. आज अँटेना तपासणारे नॅनोव्हीएनएसारखे छोटे उपकरण अनेक हॅमांकडे असते. छोट्या कड्याचा आकार बदलून अनुनादावर एसडब्ल्यूआर एकास एक आणा. मग दोन्ही बाजूंना एसडब्ल्यूआर २.६२ होतो त्या दोन वारंवारता टिपा. त्यांमधल्या अंतराने मधल्या वारंवारतेला भागले की लूपचा स्वतःचा क्यू मिळतो. प्रतिबाधाला क्यूने भागले की एकूण रोध, आणि प्रारण-रोधाला एकूण रोधाने भागले की कार्यक्षमता. समजा १४.२ मेगाहर्ट्झवर हे अंतर २० किलोहर्ट्झ आले. क्यू ७१०, एकूण रोध ०.३१ ओहम, कार्यक्षमता ३१ टक्के. तांब्याच्या हिशेबाने हे अंतर नऊ किलोहर्ट्झच्या आसपास यायला हवे होते, म्हणजे ०.१७ ओहम सांध्यांत, कपॅसिटरमध्ये किंवा शेजारच्या लोखंडात जात आहेत. मल्टिमीटर जे दाखवू शकत नाही ते बँडविड्थ दाखवते. याच कारणाने 'माझा लूप पन्नास किलोहर्ट्झपर्यंत हात न लावता चालतो' असे कोणी अभिमानाने सांगितले तर त्याचे अभिनंदन करू नये. या पद्धतीला एक मर्यादा आहे: जवळचा लोखंडी कठडा किंवा आरसीसीच्या सळया प्रवाह उचलू लागल्या की त्यांचाही रोध यात मिसळतो. पण तोटा तो तोटाच. कठड्यापासून लूप एक-दीड मीटर पुढे किंवा वर सरकवून पुन्हा मोजले की दोषी कोण ते कळते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: चांगला अँटेना ट्यूनर लावला की काम भागत नाही का? नाही. ट्यूनर ट्रान्समीटरला पन्नास ओहम दाखवतो. कड्यातल्या दोन रोधांमधले वाटप बदलणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. उलट स्वतःच्या कॉइलमध्ये तो आणखी थोडी शक्ती खातो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. कार्यक्षमता १६ टक्के म्हणजे आठ डेसिबलचा तोटा, म्हणजे समोरच्याच्या एस-मीटरवर एका घरापेक्षा जरा जास्त. एवढ्यासाठी ब्रेझिंग, निर्वात कपॅसिटर आणि गणिते कशाला? शिवाय २०१७ साली जो टेलर (पल्सारवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले तेच) आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी आणलेली एफटी८ ही पद्धत गोंगाटाच्या सुमारे वीस डेसिबल खाली गाडलेला संदेशही उकलते. बाल्कनीतल्या लूपवरून पाच वॅटवर खंडापलीकडे संपर्क होतात, हे खरेच आहे. पण या उदाहरणातून निघतो तो निष्कर्ष वेगळा. बँड उघडा असेल, समोरच्याकडे मोठी अँटेना आणि शांत जागा असेल, तेव्हा आठ डेसिबल कोणाच्या लक्षात येत नाहीत. संकेत गोंगाटाच्या काठावर असेल तेव्हा सगळा निर्णय त्या आठ डेसिबलवर होतो, आणि कमी शक्तीच्या स्टेशनचा संकेत बहुतेक वेळा काठावरच असतो. एफटी८ने काठ खाली नेला, काढून टाकला नाही. आवाजी संभाषण करायचे असेल तर तो काठ अजून जुन्याच जागी आहे.

सुरुवातीचे कोडे, म्हणजे सगळे ऐकू येते पण उत्तर मिळत नाही, तेही इथेच सुटते. तीस मेगाहर्ट्झच्या खाली रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा बाहेरून येणारा गोंगाट कितीतरी मोठा असतो: विजांचा, आणि शहरात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर, इन्व्हर्टर यांचा. अँटेना आठ डेसिबल बहिरी असली तर संकेत आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी होतात आणि ऐकू तेवढेच चांगले येते. उलट उभ्या लूपला त्याच्या पृष्ठाच्या काटकोनात दोन्ही बाजूंना बहिरे बिंदू असतात. लूप फिरवून शेजारच्या चार्जरला त्या दिशेत टाकले तर रिसेप्शन डायपोलपेक्षाही सरस होऊ शकते. प्रसारणात मात्र अशी कुठलीच सवलत नाही. म्हणून लूप ऐकण्यात उत्तम आहे एवढ्यावरून तो बोलण्यातही उत्तम आहे असे मानणे ही चूक वारंवार होते.

तिसरा आक्षेप आशावादी मंडळींचा: कोणीतरी असा आराखडा शोधेल, किंवा शोधलाही असेल, की ज्यात ही अडचण उरणार नाही. १९४७ मध्ये हॅरोल्ड व्हीलर यांनी आणि १९४८ मध्ये ल. जे. चू यांनी दाखवून दिले की अँटेना ज्या गोलात मावते त्या गोलाची त्रिज्या तरंगलांबीच्या तुलनेत लहान होत गेली की तिचा किमान क्यू घनाच्या प्रमाणात वाढतो. आकार निम्मा, तर क्यू आठपट. हे बंधन आकाराचे आहे, आराखड्याचे नाही. तार कशीही वळवा, गुंडाळा किंवा दुमडा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस क्रॉस्ड-फील्ड अँटेनाचा मोठा गाजावाजा झाला, पण तिचे दावे स्वतंत्र मोजमापांपुढे टिकले नाहीत. कोणी बाटलीएवढी अँटेना दाखवून तिचा क्यू कमी, पट्टा रुंद असे सांगत असेल, तर त्या रुंदीचा अर्थ आपण वर पाहिलाच. दुसरी शक्यता अशी की प्रत्यक्षात कोअॅक्स केबलचे बाहेरचे आवरणच अँटेनाचे काम करत असते. म्हणून लूपजवळ केबलवर फेराइटचा चोक लावून मगच मोजावे.

याचबरोबर एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. दहा मीटर तार कशीही टांगता येत असेल, कठड्यापासून समोरच्या झाडापर्यंत, तिरकी, मध्ये वाकलेली, तरी ती बहुतेक वेळा उत्तम लूपला मागे टाकेल, आणि खर्च दहावा भागही येणार नाही. त्या तारेचा प्रारण-रोध दहा-वीस-पन्नास ओहमांत असतो आणि तिथे एखाद्या सांध्याचे दशांश ओहम कोणी विचारत नाही. लहान लूप ही जागेच्या सक्तीतून आलेली तडजोड आहे, आणि तडजोड म्हणून ती प्रामाणिक आहे.

सुरक्षेचे नियमही याच आकड्यातून निघतात, आणि त्यात एक विपरीत गोष्ट आहे: लूप जितका चांगला बनवाल तितका तो जास्त धोकादायक. सांधे उत्तम, म्हणून प्रवाह मोठा, म्हणून कपॅसिटरचे व्होल्टेज आणि भोवतीचे चुंबकीय क्षेत्र दोन्ही मोठे. कपॅसिटरला चालू प्रसारणात बोट लागले तर रेडिओ वारंवारतेचा चटका बसतो, जो कातडीच्या आत खोल जातो. म्हणून तो प्लास्टिकच्या बंद पेटीत आणि लहान मुलांच्या हाताबाहेर हवा. क्षेत्राबाबत आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली सर्वसामान्य लोकांसाठी सुचवलेली मर्यादा १४.२ मेगाहर्ट्झला सुमारे ०.१५ अँपिअर प्रतिमीटर येते, अर्ध्या तासाच्या सरासरीने. आपल्या लूपमध्ये सतत १०० वॅट घातले तर त्याच्या अक्षावर दोन मीटरवर क्षेत्र ०.४ च्या पुढे जाते, मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. चार मीटरवर ते मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास येते. दहा वॅटला दोन मीटर कसेबसे पुरतात. बोलण्यात आणि एफटी८मध्ये सतत प्रसारण नसते, त्यामुळे सरासरी आणखी उतरते, पण सदनिकेत दुसरीच मेख आहे. विटांची भिंत चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. बाल्कनीच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या पलंगाची उशी असू शकते, आणि त्या उशीवर झोपणाऱ्याच्या छातीत पेसमेकर असू शकतो. अंतर आपल्या घरातल्या खुर्चीपर्यंत मोजून भागत नाही. सातव्या मजल्यावरचा हॅम दहा वॅटवर समाधानी राहिला तर त्याचे फारसे नुकसान होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवण्याबद्दल थोडक्यात. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्यासाठी ३९. चव्वेचाळीसच्या वाऱ्यात नळी आणि कपॅसिटरची पेटी मिळून साधारण पंधरा किलो वजनाएवढा आडवा जोर येतो, आणि दीड मीटर उंच दांड्याच्या तळाशी तो चांगलाच पिळतो. प्लास्टिकच्या केबल टायवर हे सोडू नये, त्या उन्हाने वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतात. दांडा पोलादी क्लॅम्पने कठड्याला, आणि लूपला वेगळी सुरक्षा दोरी, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी खालच्या रस्त्यावर कोणाच्या डोक्यात पडणार नाही. वीज वितरणाच्या उघड्या तारा जवळ असतील तर लूप पडला, झुकला, वाऱ्याने उडाला तरी तिथे पोचणार नाही अशीच जागा निवडावी. एप्रिल-मे मधला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस हे विजांचे दिवस. त्या काळात काम संपले की कोअॅक्स आणि मोटरच्या तारा बाहेरच काढून ठेवाव्यात. अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगलाच जोडावे. गॅसच्या पाइपाला कधीही नाही.

किनाऱ्यावर, अलिबाग ते वेंगुर्ला किंवा गोव्यात, शेवटचा शत्रू मिठाची हवा. ती सोल्डरच्या कडेने आणि पेटीच्या फटीतून शिरते आणि वर्षभरात सांधा हिरवा करते. हे डोळ्यांना दिसायच्या आधी बँडविड्थमध्ये दिसते. लूप नवा असताना, कोरड्या हवेत, ठरावीक जागी २.६२ च्या दोन बिंदूंमधले अंतर मोजून पेटीच्या झाकणाच्या आत खडूने नव्हे तर मार्करने लिहून ठेवावे. दर पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा मोजावे. अकरा किलोहर्ट्झचे सतरा झाले असतील तर एसडब्ल्यूआर कितीही देखणा असो, पेटी उघडून सांधे तपासायची वेळ झाली आहे.